गच्चीवरची अस्वलं

गच्चीच्या कठड्यावरचं शेवाळ इतक्यात खरवडू नये, एवढीच नकाशेवाल्यांची विनंती होती. विनंती साधी होती, आवाज मऊ होता, आणि सोसायटीच्या अध्यक्षांच्या दारात उभं राहण्यापूर्वी त्यांनी केसांवरून ओला हातही फिरवला होता. अडचण एवढीच, की गच्ची दुरुस्त करा म्हणून वर्षानुवर्षं अध्यक्षांच्या मागे भुणभुण लावणारा इमारतीतला एकमेव माणूस म्हणजे खुद्द नकाशेवालेच होते.

नकाशेवाले हे त्यांचं आडनाव नव्हे. भूमापन कचेरीत ते आरेखक होते, म्हणजे जमिनीचे नकाशे हाताने काढायचे. पुढे ते काम संगणक करू लागला आणि संगणकाने काढलेल्या नकाशांकडे बघत बसणं एवढंच काम त्यांना उरलं. ते त्यांना फार छान जमायचं. कुठल्याही गोष्टीकडे बराच वेळ बघत बसणं ही निसर्गाने त्यांना दिलेली एकमेव देणगी, असं त्यांच्या बायकोचं मत होतं. घर सर्वांत वरच्या मजल्यावर, त्यामुळे गच्चीतली टाकी भरून वाहिली की बैठकीच्या छतावर ओल उतरायची. बायकोला त्या ओलीत ओलच दिसायची. नकाशेवाल्यांना तिच्यात एक लांबलचक किनारा, दोन खाड्या आणि एक निर्मनुष्य बेट दिसायचं, आणि सुट्टीच्या दुपारी खुर्चीत पडल्या पडल्या ते त्या बेटाला वळसा घालून येत. अर्ज मात्र बायकोच्या सांगण्यावरून नेमाने करत.

"काल-परवापर्यंत छत गळतं म्हणून ओरडत होतात," अध्यक्ष म्हणाले.

"ओरडत नव्हतो. अर्ज करत होतो," नकाशेवाले म्हणाले.

अध्यक्ष म्हणजे निवृत्त कवायतमास्तर. सावधान आणि विश्राम यांच्या मधली कुठलीही अवस्था त्यांना मान्य नव्हती, आणि नकाशेवाले तर जन्मभर त्याच मधल्या अवस्थेत राहत आलेले. डांबराचे डबे येऊन पडलेत, माणसं ठरलीत, पुढच्या आठवड्यात कठड्यासकट सगळी गच्ची खरवडून काळी करायची, असं अध्यक्षांनी एका दमात सांगून टाकलं. तरीही काही म्हणायचं असेल तर लेखी द्या, हेही सांगितलं. ज्या माणसाने सरकारी नोकरीत हयात घालवली त्याला 'लेखी द्या' म्हणणं म्हणजे तहानलेल्याला तळं दाखवणं. नकाशेवाले जिना चढून वर आले ते अर्जाचा विषय मनात जुळवतच.

या सगळ्याला कारण होती तायडी, त्यांची एकुलती एक मुलगी. ती विद्यापीठात जीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती.

तिने जीवशास्त्र घेतलं तेव्हापासून इमारतीतल्या माणसांना तिच्या आयुष्याची काळजी लागून राहिली होती. जीवशास्त्र म्हणजे डॉक्टर का, असं लोक विचारत, आणि नाही म्हटलं की चेहरा असा करत की जणू घरात कोणीतरी आजारी आहे आणि डॉक्टर बोलवायला नकार दिलाय. तळमजल्यावरच्या विमाकाकू विम्याच्या निमित्ताने घरोघरच्या मुलांची भवितव्यं तोंडपाठ ठेवून असत. त्यांनी जिन्यात गाठून गाठून तायडीला रक्त तपासायला जा, नाहीतर बियाण्यांच्या कंपनीत जा, नाहीतर शाळेत शिकव, अगदीच काही नाही जमलं तर मत्स्यपालन कर असं सुचवलं होतं. मत्स्यपालनाचा उच्चार त्या 'अगदीच काही नाही' याच सुरात करत, त्यामुळे नकाशेवाल्यांना उगाचच माशांबद्दल वाईट वाटायचं.

सगळ्यांत पक्का बेत होता तो तायडीच्या मामाचा. मामा औषधांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. तायडीने परीक्षा संपताच त्याच्या कंपनीत लागावं, बॅगेत औषधांचे नमुने घेऊन दवाखान्यादवाखान्यांतून फिरावं, म्हणजे डॉक्टर नाही तर निदान डॉक्टरांच्या दारापर्यंत तरी ती पोचेल, असं त्याचं म्हणणं. बायकोला हे पटलेलं होतं. नकाशेवाल्यांना ते पटलं होतं की नाही हे कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर त्यांनाही सांगता आलं नसतं. एवढंच त्यांना कळत होतं, की ती नोकरी याच गावात होती, आणि संध्याकाळी जिन्यावर तायडीची पावलं वाजणार होती.

तायडीचं स्वतःचं लक्ष मात्र कठड्यावरच्या शेवाळात होतं. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिने एक प्राणी निवडला होता. त्याला ती पाणअस्वल म्हणायची. हा प्राणी इतका बारीक, की सुईच्या टोकावर बसला तरी टोक रिकामं वाटावं. त्याला आठ पाय, पायांना नख्या, आणि चालणं अगदी अस्वलासारखं डुलत डुलत. शेवाळ सुकलं की तोही सुकतो, पाय पोटाशी घेतो आणि धुळीचा कण होऊन पडून राहतो. पाणी मिळालं की पुन्हा उठतो आणि काही झालंच नाही अशा थाटात चालू लागतो. गच्चीच्या उन्हाच्या बाजूची पाणअस्वलं लवकर जागी होतात की सावलीच्या बाजूची, हे तायडीला शोधायचं होतं. त्यासाठी ती त्याच त्या जागेवरून चिमूट चिमूट शेवाळ काढायची आणि विभागातून मागून घरी आणलेल्या मायक्रोस्कोपखाली ठेवायची.

पहिल्यांदा तिने वडिलांना बोलावून दाखवलं ती सकाळ नकाशेवाल्यांच्या आयुष्यातली मोठीच सकाळ म्हणावी लागेल. कचेरीत जायला निघालेले ते एक डोळा मिटून वाकले. आधी त्यांना स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग हिरवट उजेड दिसला, आणि त्या उजेडात काचेच्या जंगलासारखी पानं. त्या पानांमधून एक गुबगुबीत, जवळजवळ पारदर्शक जीव आठ पाय टाकत येत होता. घाई नव्हती. कुठे पोचायचं आहे असंही दिसत नव्हतं. एका पानापाशी तो थांबला, नख्यांनी ते चाचपलं, आणि मन बदलल्यासारखा दुसरीकडे वळला. नकाशेवाल्यांना त्याच्याबद्दल एकदम आपलेपणा वाटला. जगात आपल्याच चालीने चालणारं आणखी कोणी आहे हे त्यांना इतक्या उशिरा कळत होतं. बायको येऊन खांद्याला हात लावेपर्यंत ते वाकलेलेच होते, आणि कचेरी केव्हाच सुरू झाली होती.

तेव्हापासून रोज सकाळी ते तायडीच्या आधी मायक्रोस्कोपपाशी जाऊन बसू लागले. ड्रॉपरने पाण्याचा थेंब सोडायचा आणि वाट बघायची. धुळीचा कण हळूहळू फुगायचा, मग एक पाय बाहेर यायचा, मग दुसरा. बायको म्हणाली की तुम्हाला सकाळी उठवताना मलाही अगदी असंच वाटतं.

तर असा हा प्राणी, आणि त्याला डांबरापासून वाचवायचा अर्ज. नकाशेवाल्यांनी तो सरकारी वळणाने लिहिला. 'आपल्या इमारतीच्या गच्चीवर दीर्घ काळ वास्तव्य करून असलेल्या पाणअस्वलांना दुरुस्तीच्या कामामुळे बाधा न पोहोचण्याबाबत' असा विषय घातला. सदर अस्वले संख्येने पुष्कळ असून तूर्त निद्रिस्त आहेत, ती कोणासही उपद्रव देत नाहीत, माझी कन्या त्यांच्या निकट संपर्कात आहे, तरी त्यांना खरवडू नये व डांबर लावू नये, असा मजकूर झाला. खाली सही. इथेच ते थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण कुठल्याही कागदाची एक प्रत कुठेतरी वरच्या कचेरीत 'माहितीसाठी' पाठवल्याशिवाय तो कागद पुरा झाला असं त्यांना वाटत नसे. त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानात अर्जाची झेरॉक्स काढली आणि नगरपालिकेच्या कचेरीत देऊन टाकली. दुकानातलं मशीन जुनं होतं. उजवीकडचा समास ते खाऊन टाकायचं. विषयाच्या पहिल्या ओळीच्या शेवटी कसाबसा मावलेला 'पाण' त्या समासाबरोबर गेला.

इकडे मूळ अर्ज अध्यक्षांनी कमिटीच्या बैठकीत मोठ्याने वाचला. मग जो तो आपापल्या परीने घाबरला. कपडे वाळत घालायला लोक गच्चीवर जाईनासे झाले. विमाकाकूंनी, असल्या प्राण्याने काही केलं तर ते अपघातात धरतात की आजारात, हे कंपनीला विचारते म्हणून सांगितलं. एकाने तर लहान मुलांना जवळ घेत विचारलं की ती झोपलेली आहेत ना नक्की. तायडीने सगळ्यांना घरी बोलावून दाखवते म्हटलं तर कोणी येईना. ज्या गोष्टीला घाबरायचं ती आधी बघून घ्यायची, ही रीत माणसांत फारशी नाही.

शेवटी अध्यक्षांनी तोडगा काढला. प्राणी निरुपद्रवी आहे असा विद्यापीठाचा दाखला आणा, मग काम पुढे ढकलू.

नकाशेवाल्यांनी रजा टाकली आणि ते विद्यापीठात गेले. पहिल्या खिडकीवर त्यांना विचारण्यात आलं की प्राणी विद्यापीठाच्या मालकीचा आहे काय. नाही म्हटल्यावर, मग विद्यापीठ त्याची हमी कशी घेणार, हा प्रश्न आला. तो बिनतोड होता. दुसऱ्या खिडकीवर त्यांनी शहाणपणाने मालकीचा आहे असं सांगितलं, तर तो भांडारात जमा का केला नाही अशी विचारणा झाली. तिसरी खिडकी शोधता शोधता ते भलत्याच इमारतीत शिरले.

तिथे एक लांब, थंडगार बोळ होता. दोन्ही बाजूंच्या कपाटांत काचेच्या बरण्या होत्या आणि त्यांत मासे, सरडे, कसलीकसली मुळं शांतपणे तरंगत होती. एका दारातून मुलं पांढरे कोट घालून वाकलेली दिसली, जशी काही सगळी एकाच विहिरीत डोकावताहेत. दुसऱ्या दारातून एका बाईंचा आवाज येत होता. दगडफुलाविषयी त्या बोलत होत्या. दगडफूल हा एक जीव नसून दोघांनी मिळून थाटलेला संसार आहे, एक घर धरून ठेवतो आणि दुसरा उन्हातून अन्न करतो, असं त्या सांगत होत्या. नकाशेवाले दारात थांबले, मग आत गेले, मग शेवटच्या बाकावर बसले. खिडकीतून ऊन येत होतं. फळ्यावर हिरव्या खडूने काढलेलं चित्र त्यांना जरा कच्चं वाटलं, पण बाईंच्या आवाजात असं काही होतं की त्यांना आपण कशासाठी आलो, किती वाजले, दुपारी जेवलो की नाही, यांतलं काहीच आठवेना. तास संपल्यावर बाईंनीच त्यांना ओळखलं. त्या तायडीच्या मार्गदर्शक निघाल्या. दाखल्याचं ऐकून त्या हसल्या आणि विभागाच्या कागदावर दोन ओळी लिहून दिल्या, की हा प्राणी कोणाला चावत नाही आणि चावला तरी कळणार नाही.

दाखला खिशात घालून ते तरंगतच परतले. आता सगळं सुरळीत होईल असं त्यांना वाटलं. त्यांना असं वाटलं की बहुधा काहीतरी संकट येत असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते घरातल्या पायजम्यात, हातात ड्रॉपर घेऊन गच्चीवर उभे असताना खाली एक मोठी हिरवी गाडी येऊन थांबली. गाडीवर पिंजरा होता. तिच्यातून जाळी, दोर, लांब काठ्या आणि भुलीच्या बाणांची बंदूक घेतलेला एक पशुवैद्य असं सगळं उतरलं. सगळ्यांत शेवटी वनखात्याच्या अधिकारी बाई उतरल्या. उंच, उन्हाने रापलेल्या, टोपी नीट बसवलेल्या. त्यांच्या हातात नकाशेवाल्यांच्या अर्जाची समास गेलेली झेरॉक्स होती. नगरपालिकेने ती तत्परतेने, 'आपल्या अखत्यारीतील बाब' असा शेरा मारून, वनखात्याकडे धाडली होती.

अध्यक्षांनी शिट्टी फुंकून सगळ्यांना घरात घातलं आणि स्वतःही गेले. त्यामुळे बाई माणसांनिशी गच्चीवर आल्या तेव्हा त्यांना भेटले ते एकटे नकाशेवाले.

"अस्वल कुठे आहे?" बाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

नकाशेवाल्यांना वाटलं, दाखल्याचीच ही पुढची पायरी असावी. त्यांनी कठड्यावरून हात फिरवत सांगितलं, "हे काय, सगळीकडे आहेत."

पशुवैद्याने बंदूक खांद्याला लावली.

"किती असतील?"

"हजारो. पण आत्ता झोपलीत सगळी." मग बंदुकीकडे बघून ते काकुळतीने म्हणाले, "उठवायची असतील तर माझ्याकडे पाणी आहे." आणि त्यांनी ड्रॉपर पुढे केला.

वनखात्याची माणसं एकमेकांकडे बघत राहिली. बाई नकाशेवाल्यांकडे, त्यांच्या पायजम्याकडे आणि ड्रॉपरकडे बघत राहिल्या, आणि त्या बघण्यातून नकाशेवाल्यांना हळूहळू उमगत गेलं की काहीतरी चुकलंय आणि ते आपल्यापासूनच सुरू झालंय. समोरच्या इमारतीच्या खिडक्यांतून लोक बघत होते. खाली रस्त्यावर गर्दी जमली होती. कोणीतरी वर बघून विचारलं की पकडलं का, आणि कोणीतरी नकाशेवाल्यांकडे बोट दाखवून सांगितलं की पकडलं बहुतेक. नकाशेवाल्यांना सुकून, पाय पोटाशी घेऊन, धुळीचा कण व्हावंसं वाटलं. त्या विद्येचा उपयोग काय असतो हे त्यांना त्या दिवशी नीट कळलं.

तेवढ्यात तायडी मायक्रोस्कोप घेऊन वर आली. तिने सगळं ऐकून घेतलं, वडिलांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि बाईंना एवढंच म्हणाली, "आलाच आहात तर बघून तरी जा."

बाईंनी टोपी काढली, गुडघे टेकले आणि डोळा लावला. त्या बराच वेळ उठल्याच नाहीत. टाकीतून पाणी ठिबकत होतं, कठड्यावर ऊन चढत होतं, दोर आणि जाळ्या घेतलेली माणसं मुकाट उभी होती. पुढे त्या बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज मघाचा राहिला नव्हता. त्या म्हणाल्या की त्याही विद्यापीठात हेच शिकल्या होत्या. बेडकांच्या मागे त्यांनी दोन पावसाळे चिखलात काढले होते. मग परीक्षा दिली, खात्यात आल्या, आणि आता दिवस जातो तो झाडं तोडण्याच्या परवानग्या आणि पिंजऱ्यांची दुरुस्ती यांत. जिवंत काही बघून किती काळ लोटला हे त्यांना आठवेना. मग त्यांनी पशुवैद्याला बोलावलं. त्याने बंदूक कठड्याला टेकवून ठेवली आणि तोही वाकला. मग ड्रायव्हर वाकला. मग घरातून हळूच बाहेर आलेल्या विमाकाकू रांगेत लागल्या, आणि डोळा लावल्यावर इतक्या हळू आवाजात 'अगंबाई' म्हणाल्या की शेजारच्यालाही ऐकू आलं नाही. सकाळ सरून गेली तरी रांग हलत होती आणि कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. सगळी गच्ची स्वप्नात असल्यासारखी झाली होती. फक्त अध्यक्ष आले नाहीत. ते खाली पिंजऱ्यावर पहारा देत होते.

गोष्ट इथे गोड झाली असती, पण खात्याच्या नमुन्यात दोनच रकाने होते: प्राणी आढळला, प्राणी आढळला नाही. बाई खरं बोलणाऱ्या होत्या. त्यांनी 'आढळला' वर खूण केली. महिन्याभराने वनखात्याचं पत्र आलं, की सदर जागी अस्वलांचं वास्तव्य निश्चित झालं असून पुढील आदेश होईपर्यंत तिथे कसलंही बांधकाम करू नये.

अध्यक्षांनी ते पत्र नकाशेवाल्यांच्या हातात दिलं आणि ते निघून गेले. डांबराचे डबे जिन्याखाली सरकवण्यात आले. वरून मात्र टाकी पूर्वीसारखीच वाहत होती, आणि नकाशेवाल्यांच्या छतावरच्या किनाऱ्याला आता नद्या फुटू लागल्या होत्या. बायकोने बैठकीत घमेली मांडली. त्यांत पडणाऱ्या थेंबांचे आवाज वेगवेगळे येत, आणि नकाशेवाले ते डोळे मिटून ऐकत बसत. बायको म्हणाली की या घरात अस्वलांची सोय झाली, माणसांची कधी होणार.

अशातच मामा नोकरीचं पक्कं करायला आला. कडक इस्त्रीचा कोट घालून तो नेमका बेटाखालच्या खुर्चीत बसला, आणि तायडीला कंपनीत कशी वागणूक मिळेल, पुढे गाडी कशी मिळेल हे सांगू लागला. माणसाने पायाखाली पक्की जमीन बघून उभं राहावं, असं तो म्हणत असताना बेट सुटलं. ओला गिलावा मामाच्या खांद्यावर, मांडीवर आणि चहात पडला. लागलं काही नाही. पण मामा उठला, कोट झटकला, आणि ज्या घरात छतापेक्षा किड्यांची काळजी जास्त आहे तिथल्या मुलीला मी नोकरी लावू शकत नाही, असं म्हणून निघून गेला. बायको त्याच्या मागे जिन्यापर्यंत गेली. परत आली ती डोळे पुसत, आणि गिलावा गोळा करू लागली.

नकाशेवाल्यांनी ठरवलं की गिलावा पडला म्हणून कोणी मनाई उठवून घेण्याआधी, ती तशीच चालू ठेवावी असं खात्याला लिहायचं. तायडीचं शेवाळ तरी वाचलं पाहिजे. ते टेबलाशी बसले तशी तायडी त्यांच्यासमोर येऊन बसली.

"बाबा, राहू दे आता," ती म्हणाली. "माझं काम केव्हाच संपलंय."

"संपलं? कधी?"

"प्रकल्प देऊनही झाला. तुम्ही रोज सकाळी बघत बसायचात, म्हणून बोलले नाही."

नकाशेवाल्यांनी पेन खाली ठेवलं. आपण इतके दिवस कोणासाठी आणि काय वाचवत होतो, याचा विचार त्यांनी मुद्दाम केला नव्हता. तो आता आपोआप झाला. शेवाळ आहे तोवर अभ्यास आहे, आणि अभ्यास आहे तोवर जिन्यावर तिची पावलं आहेत, असा काहीतरी हिशेब त्यांच्या मनाने त्यांना न विचारताच मांडला होता.

तायडीने मग उरलेलंही सांगितलं. मोठ्या नदीच्या उगमाकडे, हिमनदीच्या पायथ्याशी एक संशोधन केंद्र आहे. बर्फाखालच्या मातीत कोणकोणते जीव तग धरून राहतात ते तिथे शोधतात. वनखात्याच्या बाईंनी तिला त्याबद्दल सांगितलं होतं, मार्गदर्शक बाईंनी शिफारस केली होती, आणि तिची निवड झाली होती. वर्षातून एकदा घरी येता येईल. रस्ता उघडा असला तर.

नकाशेवाले उठले. कपाटावरून त्यांनी कचेरीतली जुनी गुंडाळी काढली, जमिनीवर पसरली आणि चार कोपऱ्यांवर चार घमेली ठेवली. नदीवरून बोट फिरवत ते वर वर गेले. गावं विरळ झाली, मग रस्ते संपले, मग उंचीच्या रेषा दाट होत होत एकदम थांबल्या. त्याच्या पुढे काहीच काढलेलं नव्हतं. तायडीने तिथे बोट ठेवलं.

"इथे आमच्याकडे नुसता पांढरा कागद आहे," नकाशेवाले म्हणाले. "आमचा कोणी माणूस तिथपर्यंत गेलाच नाही." ते बराच वेळ त्या पांढऱ्या जागेकडे बघत राहिले. छतावरून एक थेंब नकाशातल्या समुद्रात पडला. मग ते म्हणाले, "तू जा. आणि तिथे काय काय आहे ते मला कळव."

दारात उभ्या असलेल्या बायकोने मग गरम कपड्यांचा विषय काढला. म्हणजे तिचाही होकार होता.

तायडी गेली त्याच आठवड्यात नकाशेवाल्यांनी मनाई उठवा म्हणून खात्याला लिहिलं. या वेळी प्रत कुठेही पाठवली नाही. अधिकारी बाई स्वतः आल्या, गच्ची मोकळी केल्याच्या कागदावर सही केली आणि कठडा खरवडला जाईपर्यंत नकाशेवाल्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. अध्यक्ष अतिशय आनंदात हुकूम सोडत होते. हिरवे पापुद्रे गळून पडत होते आणि त्यांची बारीक धूळ वाऱ्यावर उडत होती. बाई म्हणाल्या की त्या धुळीत अस्वलं असणारच, वाऱ्याबरोबर ती कुठल्या कुठे जातात. नकाशेवाले धूळ दिसेनाशी होईपर्यंत बघत होते.

छत कोरडं झालं. बायकोने ते स्वच्छ पांढरं करून घेतलं. सुट्टीच्या दुपारी आता वर बघण्यासारखं काही राहिलं नाही.

पुढे तायडीने कळवलं की तिची गुणपत्रिका विद्यापीठातून घेऊन पाठवून द्या. नकाशेवाले गेले, आणि समोर जी रांग दिसली तिच्यात उभे राहिले. झाडांची सावली होती, आजूबाजूला तरुण मुलं बोलत होती, आणि ते त्यांच्या बोलण्यात असे हरवून गेले की कधी पुढे सरकले ते त्यांना कळलं नाही. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "कोणता विषय?"

रांग प्रवेशाची होती. नकाशेवाल्यांच्या ते तेव्हा लक्षात आलं. सॉरी म्हणून बाजूला होण्याइतका वेळही होता. मागचा मुलगा जरा खोकलादेखील.

"जीवशास्त्र," नकाशेवाले म्हणाले.

"मुलाचं नाव?"

त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. खिडकीतल्या माणसाने आता मान वर केली, त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, काहीतरी बोलणार होता, पण मागे रांग मोठी होती.

मग दुसऱ्या रांगेतून मिळवलेली गुणपत्रिका त्यांनी घरी येऊन टेबलावर ठेवली आणि शेजारी ती प्रवेशाची पावती ठेवली. बायकोने दोन्ही कागद वाचले. एक पुन्हा वाचला. मग ती खिडकीपाशी जाऊन बराच वेळ बाहेर बघत उभी राहिली, आणि नकाशेवाले आपला पाय पुढे टाकावा की मागे घ्यावा या विचारात तिथेच थांबले.

"वर्ग संध्याकाळचे आहेत ना?" शेवटी तिने पाठमोरंच विचारलं.

"हो. कचेरी सुटल्यावर."

"म्हणजे परतायला अंधार होणार," ती म्हणाली. "जिन्यावर जरा पाय वाजवत या. मला कळलं पाहिजे."